यीस्ट मी विसरले नव्हते, गुरुजी. आंबिलीचं मात्र चुकलं

गुरुजी, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. बिअर हा मुळात घरातल्या बायकांचा उद्योग होता, असं मी गेल्या लेखात लिहिलं. त्यावर तुमचे तीन आक्षेप आहेत. १५१६च्या बव्हेरियातल्या कायद्याप्रमाणे बिअरमध्ये जव, हॉप्स (एका वेलीची कडवट फुलं) आणि पाणी एवढंच चालतं असं मी लिहिलं, त्यात यीस्ट राहून गेलं, म्हणजे लेख घाईत खरडलाय. आंबिलीला मी ‘अर्ध्यावर थांबलेली बिअर’ म्हटलं, हा यल्लम्माच्या नैवेद्याचा अपमान आहे. आणि बिअर साहेबानं बेळगावच्या कॅम्पात आणली, तिचा आपल्या चुलीशी काय संबंध. दारूनं घरं बुडालेल्या सीमाभागात हे कौतुक कशाला? निपाणीत जन्मभर शाळा शिकवलेल्या माणसाला नुसतं ‘धन्यवाद’ लिहून सुटता येत नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी आंबील, कारण तिथं तुमचं बरोबर आहे. नाचण्याचं पीठ ताकात रात्रभर आंबतं ते ताकातल्या जिवाणूंमुळे. ते साखरेचं आम्ल करतात, मद्य नाही. शिवाय सकाळी आपण ती रटरटून शिजवतो, मगच लसूण-जिरं घालतो. अर्ध्यावर थांबायला ती त्या वाटेवर निघालेलीच नसते. चटकदार वाक्याच्या मोहात मी घसरले. ते वाक्य काढून टाकलंय.

यीस्टचं मात्र मी तसंच ठेवणार. कायद्यात ते नाही, कारण ते जिवंत असतं हेच तेव्हा कुणाला माहीत नव्हतं. पिंपाच्या तळाशी बसणारा साका लोक ओळखत होते, पुढच्या खेपेत त्यातला थोडा घालतही होते. आपण विरजण ठेवतो तसंच. घरचं संपलं तर वाटी घेऊन शेजारी जायचं, कुणाचं दही गोड लागतं, कुणाचं तार सुटलेलं, हे तोंडपाठ असायचं. पण वाटीत नेमकं काय आहे, हे कुठल्या आजीला ठाऊक होतं? (त्या कायद्याचा बराचसा मजकूर शुद्धतेपेक्षा बिअरच्या दराबद्दल आहे, हेही सांगून ठेवते. जाहिरातवाले तेवढं गाळतात.)

त्या साक्याचं कोडं पुढं साडेतीनशे वर्षांनी सुटलं. फ्रेंच शास्त्रज्ञ पाश्चरनं १८७६मध्ये बिअरवर आख्खं पुस्तक लिहून ती का नासते ते दाखवलं. मग १८८३मध्ये कोपनहेगनला कार्ल्सबर्ग या बिअर कंपनीच्या प्रयोगशाळेत एमिल हान्सेननं यीस्टची एकच पेशी वेगळी काढून तिच्यापासून सगळं विरजण वाढवलं. त्यांच्या बिअरला अधूनमधून कडवट वास यायचा, तो रानटी यीस्ट मिसळल्यामुळे, हे त्यातून कळलं. कंपनीनं ते शुद्ध यीस्ट इतरांनाही दिलं. विरजण शेजाऱ्याकडून नाही, प्रयोगशाळेतून येऊ लागलं. माझ्या मते घरगुती बिअरचा खरा शेवट तिथं झाला.

आता चुलीचा संबंध. तुम्हीच लिहिलंय की तुमच्या आई नातवंडांसाठी नाचणीसत्त्व करायच्या. आमची आईही करते, खानापुराकडच्या नाचण्याचं. रात्रभर भिजत घालायचं, पंचात बांधून दीड-दोन दिवस मोड काढायचे, वाळवायचं, सुपात चोळून मुळ्या पाखडून टाकायच्या आणि दळायचं. गुरुजी, माल्ट म्हणतात ते हेच. जवाचं करतात, एवढाच फरक. मुळ्या तिथंही काढून टाकतात.

खोटं वाटत असेल तर एक करून बघा. साध्या नाचणीपिठाची घट्ट खीर शिजवा, चमचा उभा राहील अशी. खाली उतरवून बोट जेमतेम बुडवता येईल इतकी निवू द्या आणि मोडाचं, पण न भाजलेलं पीठ चमचाभर घालून ढवळा. दहा मिनिटांत ती खीर पळीवरून पाण्यासारखी गळायला लागते आणि किंचित गोड लागते. मोड येताना दाण्यात जे पाचक रस तयार होतात, ते पिठाची साखर करतात. लहान मुलाला पातळ तरी पोटभर असं यामुळेच देता येतं. बिअर करणारा हेच जवाच्या पिठाचं करतो, साधारण ६५ अंशांवर. मग गाळतो, हॉप्स घालून उकळतो, निववतो आणि यीस्ट सोडतो. आपली वाट खिरीपाशी थांबते, त्याची पुढं जाते. नेपाळ-सिक्कीमकडे कोदो म्हणजे हाच आपला नाचणा, आणि त्याचंच तोंगबा, म्हणजे आंबवलेलं पेय, घरोघरी बायका लावतात.

बाकी ‘आपल्याकडे असलं नव्हतंच’ हे मला पटत नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सुराध्यक्षाचं, म्हणजे दारूवर देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्याचं, आख्खं प्रकरण आहे. कुटुंबवाल्याला घरच्या कार्यासाठी पांढरी सुरा करायची मुभा, उत्सव-यात्रेत चार दिवसांची सवलत, आणि सुरेच्या किण्वाचं काम बायका-मुलांनी करावं असं स्पष्ट लिहिलंय. किण्व म्हणजे पुन्हा विरजणच.

इंग्लंडातही तेच होतं. तिथली जुनी बिअर, म्हणजे हॉप्स नसलेली एल, थोड्या दिवसांत आंबायची. साठवता येत नाही, दूर नेता येत नाही. म्हणून घरची बाई करायची आणि उरलेली शेजारीपाजारी विकायची. दारावर काठी टांगली की आज ताजी आहे असं समजायचं. पंधराव्या शतकात तिकडं हॉप्सची बिअर आली, ती टिकते म्हटल्यावर मोठी भांडी आली, भांडवल आलं, आणि बायका हळूहळू बाहेर पडल्या. १८१४मध्ये लंडनमध्ये २२ फूट उंचीचं बिअरचं पिंप फुटून गल्लीत लोंढा घुसला आणि ८ जण मेले. चुलीवरच्या पातेल्याचं तोवर एवढं मोठं पिंप झालं होतं.

बाटली साहेबानं आणली, हे मात्र मान्य. बेळगावचा किल्ला १८१८मध्ये इंग्रजांच्या हाती पडला, कॅम्प वसला, गोऱ्या शिपायांना बिअर हवीच होती. थंडीशिवाय ती जमेना, म्हणून कारखाने कसौलीसारख्या डोंगरात निघाले.

आणि बुडालेली घरं मीही बघितलीत, आमच्याच गल्लीत. पण ती धान्यानं बुडवली नाहीत. आपल्याकडे दारूची वाट उसातून गेली: गूळ-नवसागराची हातभट्टी, मग कारखान्याची मळी, मळीचं स्पिरिट. अरॅकची, म्हणजे स्वस्त देशी दारूची, पाकिटं आठवतात ना? ती २००७च्या जुलैपासून कर्नाटकात बंद झाली, आणि त्याच माणसांच्या हातात बाटली आली. दारूबंदीही आपण बघितलेली आहे. १९५६पर्यंत आपण मुंबई राज्यात, म्हणून १९४९चा मुंबईचा कायदा बेळगावलाही होता. त्या काळात भट्ट्या बंद पडल्या होत्या का, हे तुम्हीच तुमच्या वडीलधाऱ्यांकडून ऐकलं असेल. मी बिअरची कृती लिहिली नाही, तीन-चार वाचकांनी मागितली तरी दिली नाही. परवान्याशिवाय घरी करणं गुन्हा आहे, आणि मला तो इतिहास हवाय, पिंप नकोय.

एक विचारायचं राहिलं. तुमच्या आई सत्त्व दळण्याआधी भाजायच्या का? आमच्याकडे यावरून आई आणि मावशीचं पटत नाही. मावशी खरपूस भाजते, वास सुंदर येतो, पण तिच्या पिठानं खीर पातळ होत नाही.