ओट्सच्या कुकीजने कोलेस्टेरॉल उतरतं म्हणे!

‘मैद्याऐवजी ज्वारीचं पीठ, साखरेऐवजी गूळ, बटरऐवजी तूप, सगळं तेवढंच मोजून घ्या. ओट्स आहेत, म्हणून शुगरवाल्यांनीही नाश्त्याला तीन-चार बिनधास्त खाव्यात, कोलेस्टेरॉल उतरतं. कडक होईपर्यंत अर्धा तास भाजा. आणि चॉकलेट चिप्स उन्हात वितळल्या नाहीत तर त्यात मेण आहे समजा.’ हा मेसेज जळगाव-धुळ्याकडच्या फॅमिली ग्रुपांवर मामी-मावश्या पुढे ढकलत आहेत. कुकीज जरूर करा, फक्त मेसेज वाचून करू नका.

आधी कोलेस्टेरॉल. ओट्समध्ये बीटा-ग्लुकन नावाचा विरघळणारा तंतू असतो आणि त्याने कोलेस्टेरॉल थोडं उतरतं, हे खरंच आहे. अमेरिकेच्या अन्न-औषध प्रशासनाने 1997 मध्ये ओट्सच्या पाकिटावर तसं छापायला परवानगी दिली, पण दिवसाला 3 ग्रॅम बीटा-ग्लुकन पोटात जायला हवं, या हिशेबाने. आता घरचा घाणा मोजू: 150 ग्रॅम ओट्स, 120 ग्रॅम पीठ, 150 ग्रॅम गूळ, 100 ग्रॅम बटर, 100 ग्रॅम चिप्स. यात वीसेक कुकीज होतात. एकीच्या वाट्याला साडेसात ग्रॅम ओट्स, म्हणजे जेमतेम 0.3 ग्रॅम बीटा-ग्लुकन. 3 ग्रॅमसाठी दहा कुकीज खाव्या लागतील, आणि त्यांच्याबरोबर अर्ध्या घाण्याचं बटर आणि चौदाशेच्या आसपास कॅलरी! त्यापेक्षा ओट्सची खारी पेज परवडली. खान्देशात तर ज्वारी-उडदाची कळण्याची भाकरी घरातच आहे. तंतूंसाठी कुकीजच्या दारात जायचं कारण काय?

शुगरवाल्यांनीही बिनधास्त खाव्यात, हा यातला सगळ्यात घातक भाग. गूळ बहुतांशी सुक्रोजच, म्हणजे साखरच. 100 ग्रॅम साखरेत सुमारे 400 कॅलरी, गुळात 380 च्या घरात. लोह-बिह असतं, पण कुकीमागे साडेसात ग्रॅम गुळातून ते कितीसं मिळणार? चिप्समधली साखर धरली तर एका कुकीत दहाएक ग्रॅम गोड जातं. जागतिक आरोग्य संघटना दिवसभराची वरून घातलेली साखर शक्यतो 25 ग्रॅमच्या आत ठेवा म्हणते. तीन कुकीजमध्येच ती ओलांडली, सकाळचा चहा अजून बाकी. गूळ घालाच, पण चवीसाठी. त्याच्या ओलाव्याने कुकी आतून मऊ राहते.

ज्वारीचं पीठ मैद्याइतकंच घेतलंत तर ट्रेमधून भुगा उचलावा लागेल. ज्वारीत ग्लूटेन, म्हणजे पीठ धरून ठेवणारं गव्हातलं चिकट प्रथिन, नसतं. भाकरीसाठी आपण गरम पाणी का घालतो, हे इथल्या सुगरणीला शिकवायला नको. निम्मं ज्वारी, निम्मं गव्हाचं घ्या.

तुपाचंही तेच. बटरमध्ये साधारण 80 टक्के स्निग्धांश, उरलेलं बहुतेक पाणी. तूप म्हणजे जवळजवळ निव्वळ स्निग्धांश. 100 ग्रॅम बटरऐवजी 80 ग्रॅम तूप आणि चमचाभर दूध. नाहीतर कुकीज ट्रेभर पसरतात. मे महिन्यात तर पसरणारच: बटर 32 ते 35 अंशांना वितळतं आणि आपल्याकडे पारा 43-44 ला. अमेरिकन रेसिपीतलं ‘रूम टेम्परेचर’ वीस-बावीस अंशांचं असतं, भुसावळच्या दुपारचं नव्हे. गोळे तासभर फ्रीजमध्ये ठेवून मगच भाजा.

अर्धा तास भाजलंत तर दात दुखतील. 180 अंशांना 11 ते 13 मिनिटं. कडा लालसर, मध्य मऊ असतानाच बाहेर काढा. ट्रेवर दहा मिनिटांत त्या आपोआप घट्ट होतात.

मेणाचं तर काहीतरीच. कोको बटर 34 अंशांच्या सुमारास वितळतं, म्हणून अस्सल चॉकलेट आपल्या उन्हात टिकत नाही. टिकलं तर ते बहुधा कंपाउंड चॉकलेट असतं: कोको बटरऐवजी जास्त तापमानाला वितळणारं वनस्पती तेल, बऱ्याचदा पामच्या बीचं. चवीला उणं, पण मेण नव्हे. पाकीट उलटा, घटकांच्या यादीत लिहिलेलं असतं.