आईला तो माणूस आवडतो, एवढं कारण पुरे आहे

माझी आई लग्न करतेय. वय 58. वडील गेल्यावर पुण्यातलं घर बंद करून ती आजीच्या आजारपणासाठी अंबाजोगाईला, माहेरी परतली. तिथे सर भेटले. कॉलेजातून निवृत्त झालेले, पत्नीला जाऊन बरीच वर्षं झालेली. जात वेगळी. आधी मुकुंदराजांच्या समाधीकडे सकाळचं फिरणं, मग मंडी बाजारातली भाजी सोबत आणणं, मग आजीच्या औषधांच्या वेळा सरांनाही पाठ होणं. गावाला कळायला वेळ लागला नाही.

मामा म्हणाला, "ताई, मी काय कमी पडू दिलं तुला?" त्याने खरंच काही कमी पडू दिलेलं नाही, आणि मला आज नेमकं यावरच लिहायचंय. बाईने पुन्हा लग्न करायचं तर आधी तिची काहीतरी अडचण दाखवावी लागते. एकटी आहे, आजारी असते, मुलं लांब आहेत, रात्री-बेरात्री कुणी हवं. अडचण पटली की लोक परवानगी देतात. माझे हितचिंतकही हेच सुचवतात, "सोबत हवी म्हणून करतेय असं सांग, म्हणजे कुणी बोलणार नाही." मी तसं सांगणार नाही. आईला पेन्शन आहे, भाऊ आहे, मी आहे. तिला सर आवडतात. त्यांचा फोन आला की ती अंगणात जाऊन बोलते आणि परत येते तेव्हा तिचा चेहरा वेगळा असतो. वडिलांवर तिचं प्रेम होतं, मी ते पाहिलंय, त्यांच्या शेवटच्या आजारात तर रोज पाहिलंय. ते प्रेम यामुळे तसूभरही कमी होत नाही.

एका मावशीने योगेश्वरीची गोष्ट काढली. आमच्या गावात ती लहानपणापासून सगळ्यांना माहीत असते. परळीच्या वैजनाथाशी देवीचं लग्न ठरलं, मुहूर्त टळला, वऱ्हाड जागच्या जागी दगड झालं आणि देवी कुमारीच राहिली. मावशीचं म्हणणं, वेळ गेली की गेली. आई शांतपणे म्हणाली, "माझा मुहूर्त कुठं टळला? मी चांगली नांदले. हे दुसरं आहे."

विधवेच्या पुनर्विवाहाचा कायदा 1856 साली झाला. धोंडो केशव कर्व्यांनी 1893 मध्ये विधवेशी लग्न केलं, तेही आपण शाळेत शिकलो. 2022 मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं बंद करायचा ठराव केला आणि इतर ग्रामपंचायतींनीही तसं करावं असं सरकारने सांगितलं. हे मोठंच काम आहे. पण मराठवाड्यात शेतकरी नवरा गमावलेल्या कितीतरी तरुण बायका आहेत. त्यांच्या मदतीबद्दल, कर्जाबद्दल बोललं जातं. त्यांना कुणी आवडू शकतं, हे कुणी बोलतच नाही. पुरुषाची बायको गेली की तिचं वर्षश्राद्ध व्हायच्या आत त्याच्यासाठी स्थळं बघायला लागतात, तेव्हा मात्र सगळं गाव मदतीला धावतं.

वाटणीची कुजबुजही कानावर आली. म्हणून स्पष्ट सांगते, वडिलांकडून वारसाने आईला आलेला वाटा तिचा आहे. लग्न केल्याने तो जात नाही. आणि गेला असता तरी माझं म्हणणं हेच राहिलं असतं.

लग्न विशेष विवाह कायद्याने, नोंदणी पद्धतीने होईल. 30 दिवसांची नोटीस लागली आहे. आक्षेप कशावर घेता येतो ते कायद्यात लिहिलंय. नवरा किंवा बायको हयात असणं, संमती देण्याची मानसिक क्षमता नसणं, किमान वय पूर्ण नसणं, निषिद्ध नात्यातलं असणं. जात त्यात नाही, वैधव्य नाही, वयाची वरची मर्यादा नाही, भावाची नाराजीही नाही.

मामा, तू हे वाचशील हे मला माहीत आहे. तू यावंस अशी आईची फार इच्छा आहे, ती स्वतः म्हणणार नाही म्हणून मी लिहितेय. सह्या झाल्यावर आजीच्या घरीच जेवण आहे. तारीख ठरली की कळवते.