मालकाचे उत्तर: चटणी औषध म्हणून दिलेली नाही

नमस्कार ताई,

बाळाला त्रास झाला, त्याबद्दल माफी मागतो. आता बरं आहे ना?

पण 'दुकानदाराने जुलाबावरचं औषध म्हणून शिळी लसूण चटणी गळ्यात मारली, 1 स्टार' हे वाचल्यापासून डोळ्याला डोळा नाही. शनिवारी तुम्ही आलात तेव्हा साडेनऊ वाजून गेले होते, शटर अर्धं खाली. गल्ल्यावर मीच होतो. फोनवर बोलता बोलता तुम्ही पाटीकडे बोट केलंत आणि 'पाव किलो' म्हणालात. घरी कुणाचं पोट बिघडलंय, हे एका शब्दाने बोलला नाहीत. बोलला असतात तर शेजारच्या मेडिकलमधून ओआरएस घ्यायला लावलं असतं. अर्धी मिरची संकेश्वरी आहे हो त्यात! चार वर्षांच्या पोराला, तेही जुलाबात?

आता पाटी. 'लसूण जुलाबाचे जंतू मारतो' असं लिहिलंय, नाकारत नाही. पुतण्याने रंगवली, मी मान डोलावली. खोटं नाही, पण अर्धंच आहे. कच्ची पाकळी ठेचली की तिच्यातलं ॲलिइन आणि ॲलिनेज नावाचं विकर (एन्झाइम) एकमेकांना भेटतात आणि ॲलिसिन तयार होतं. नाकात जाणारा वास त्याचाच. अमेरिकेत 1944 साली ते वेगळं काढलं. ई. कोलाय, शिगेला, साल्मोनेला या जुलाब करणाऱ्या जिवाणूंची वाढ त्याने रोखली जाते, पण प्रयोगशाळेतल्या बशीत. पोटात जाऊन जुलाब थांबतील, असं त्यावरून म्हणता येत नाही. त्यात आमचा लसूण भाजून मग कुटतो. आचेवर ते विकरच निकामी होतं. बरणीवर 'भाजलेला लसूण' छापलंय, ठळक. आणि लहान मुलांचे जुलाब पुष्कळदा विषाणूंमुळे असतात, तिथे जंतू मारून काय होणार? डॉक्टरांनी ओआरएस आणि झिंक दिलं असं तुम्हीच लिहिलंय. तेच बरोबर.

राहिला 'शिळी' हा शब्द. तो घाणा शुक्रवारी सकाळचा. त्यातलीच चटणी आजही आमच्या ताटात आहे. 19 वर्षांत हा शब्द कुणी वापरला नव्हता. तेवढा काढलात तर उपकार होतील. बाकी स्टार तसाच राहू द्या.

पाटीचं बघतो. पेंटर या आठवड्यात आला तर ठीक, नाहीतर तोवर त्या ओळीवर कागद चिकटवतो. पैसे परत हवे असतील तर बरणी घेऊन या, अर्धी संपलेली असली तरी चालेल. साडेनऊच्या आत आलात तर बरं.