साफ केला की झालं!

स्वारगेटच्या सिग्नलला थांबलं की आमची गाडी हुडहुडी भरल्यासारखी कापायची. स्टिअरिंग कापायचं, डॅशबोर्डवरचा गणपती कापायचा आणि शेजारून ही विचारायची, "अहो, ताप आलाय का हिला?" गॅरेजवाल्याने बॉनेटही न उघडता, नुसता कान देऊन सांगितलं, "मिसिंग मारतेय, मधेच ठिणगी चुकतेय. चारही प्लग बदला. मजुरीसकट चार हजार धरा."

प्लगसाठी चार हजार! मला हसूच आलं. अहो, प्लग, म्हणजे इंजिनात ठिणगी टाकून पेट्रोल पेटवणारा स्पार्क प्लग, हा माझा विषय. (दुसरा कुठलाच नाही, पण हा आहे.)

१९८८ साली, कॉलेजात असताना, वडिलांची स्कूटर माझ्या हाती आली. टू-स्ट्रोक इंजिन. पेट्रोलमध्येच ऑइल घालायचं, त्यामुळे प्लगवर काजळी धरणारच. स्कूटर घुर्रर्र करून बंद पडली की बाजूचं झाकण काढायचं, कॅप ओढायची आणि डिकीतला प्लग-पाना लावायचा. प्लग हातात आला की पॉलिश पेपरच्या तुकड्याने घासायचा, फुंकर मारायची, परत बसवायचा, स्कूटर अंगावर तिरकी करायची आणि किक. हा अख्खा विधी मी लक्ष्मी रोडवर, भर पावसात, आत्या मागे बसलेली असताना चार मिनिटांत उरकलेला आहे. स्कूटर तिरकी केली तेव्हा आत्या पडली नव्हती, असं मी सांगतो. आत्या वेगळं सांगते.

म्हणून आता गाडीसाठीही तेच धोरण ठरलं. नवे कशाला? साफ केला की झालं! शनिवारी १४०० रुपयांचा गोटी-पान्यांचा (गोटी म्हणजे बोल्टवर टोपीसारखा बसणारा पाना) सेट आणला. "असलं काय एकदाच घ्यायचं असतं," हे वाक्य मी चपला काढायच्या आतच टाकून दिलं.

रविवारी सकाळी भाजी घेऊन आलो, गाडी पार्किंगमध्ये लावली आणि लगेच बॉनेट उघडून आत हात घातला. चटका! शिवाय हेड, म्हणजे प्लग ज्यात बसतात तो इंजिनाचा वरचा भाग, ॲल्युमिनियमचं. गरम असताना प्लग खोलला तर आटे जायचे. म्हणून दोन तास थांबलो. उघड्या बॉनेटचं आमंत्रण कुणाला द्यावं लागत नाही. तिसऱ्या मजल्यावरचे काका चहाचा कप घेऊनच उतरले. "बॅटरी असेल," म्हणाले. मग "पेट्रोलमध्ये इथेनॉल घालतात ना हल्ली!" म्हणाले. मग उरलेला चहा संपेपर्यंत सरकारवर बोलले.

इंजिन निवलं, पण त्यात प्लग कुठेच दिसेना. स्कूटरचा कसा, दारातल्या तुळशीसारखा समोर असायचा. इथे आधी प्लास्टिकचं कव्हर, त्याखाली प्लगला वीज देणाऱ्या चार कॉइल, प्रत्येक कॉइलला नखाएवढं लॉक असलेला कनेक्टर आणि एकेक दहा नंबरचा बोल्ट. पहिली कॉइल ओढली तर बाटलीचं बूच निघाल्यासारखा आवाज आला. आत मोबाइलचा उजेड मारला. प्लग वीतभर खोल, आडाच्या तळाशी.

आडात होता, पण पोहऱ्यात यायला तयार नव्हता. प्लगची गोटी एक्स्टेंशनच्या लांब दांडीला लावून सोडली, जोर लावला, कट्ट करून प्लग ढिला झाला. फिरवत फिरवत आटे सोडवले आणि अलगद वर ओढलं, तर नुसतं एक्स्टेंशन वर! गोटीच्या आतल्या रबराने प्लगला अशी मिठी मारली होती की गोटी खालीच राहिली. आजोळी विहिरीत बादली पडली की गळ टाकून काढायचे. इथे गळ कुठून आणणार? काकांनी बायकोची विणकामाची सुई आणली. तीही आत पडायची वेळ आली, तेव्हा वॉचमनमामा खुर्चीतून उठले.

"साहेब, गावाकडं कुऱ्हाडीचा दांडा ढिला झाला की काय करत्यात? पाचर मारत्यात." त्यांनी पेपरचा कपटा फाडला, एक्स्टेंशनच्या तोंडावर घडी करून ठेवला आणि एक्स्टेंशन खाली गोटीत दाबून बसवलं. गोटी प्लगसकट वर आली. मामा परत खुर्चीत जाऊन बसले. इतक्या कमी बोलण्याची आमच्या पार्किंगला सवय नाही.

प्लग चहात बुडवलेल्या बिस्किटाच्या रंगाचा झाला होता. निरोगी प्लग त्याच रंगाचा असतो, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मधला दांडा सुईसारखा बारीक. "कंपन्या माल वाचवतात हल्ली," काका म्हणाले. मी मान डोलावली आणि पॉलिश पेपर काढला. चारही असे घासले, की देव्हाऱ्यात ठेवावेत.

गाडी सुरू केली. आधी नुसती कापत होती, आता उचक्याही द्यायला लागली.

सोमवारी ऑफिस सुटल्यावर नाना पेठेत गेलो. दुकानदाराने चष्मा कपाळावर चढवून प्लग डोळ्यांशी धरला.

"इरिडियमचा आहे हा. किती किलोमीटर झाले?"

"९४ हजार."

"मग वय झालंच होतं. गॅप वाढतो, ठिणगीला उडी लांब पडते. पण ह्याला घासलंय कोणी?"

मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत म्हणालो, "मेकॅनिकने."

"त्या मेकॅनिककडे परत गाडी नेऊ नका, साहेब."

"नाही नेणार," मी मनापासून म्हणालो आणि ७०० रुपयांचा एक, असे चार प्लग घेतले.

रात्री पार्किंगच्या ट्यूबलाइटखाली एकट्यानेच बसवले. आधी पान्याला हातही लावायचा नाही. एक्स्टेंशन नुसतं बोटांनी फिरवायचं, फिरकीच्या तांब्याचं झाकण लावतो तसं. वाकडं बसलं तर आटे जातात, आणि आटे गेले तर खर्च हजारांत मोजायचा नसतो. हाताने घट्ट झाला, की वॉशर दाबला जाण्यापुरता पान्याने अर्धा फेरा. बस्स. इंजिन ३००० आरपीएमला, म्हणजे मिनिटाला ३००० फेरे, फिरतं तेव्हा यातला प्रत्येक प्लग सेकंदाला २५ ठिणग्या टाकतो. आमच्या अख्ख्या ऑफिसात आठवड्यात एवढ्या पडत नाहीत.

चावी फिरवली. गणपती स्थिर.

दुसऱ्या दिवशी सकाळी गेटपाशी काका भेटले. "ऐकली हो तुमची गाडी, काय शांत चालतेय!" म्हणाले. मग जवळ येऊन हळूच विचारलं, "आमचीही परवापासून जरा कापतेय. तो पॉलिश पेपर उरला असेल ना तुमच्याकडे?"