कॉलमचा क्रम जुळवल्याने डेटा सुरक्षित राहत नाही

बेळगाव, खानापूर, निपाणी भागात पतसंस्थांची आणि छोट्या कारखान्यांची सॉफ्टवेअरं सांभाळणाऱ्या आम्हा मंडळींत एक मेसेज पुन्हा पुन्हा फिरतोय. मायएसक्यूएल या डेटाबेसवरून पोस्टग्रेस या दुसऱ्या डेटाबेसवर जाताना दोन्हीकडे टेबलातल्या कॉलमचा (उभ्या रकान्यांचा) क्रम हुबेहूब एकच ठेवा, क्रम चुकला की डेटा बिघडतो, गरज पडली तर टेबल पाडून (म्हणजे पूर्ण काढून टाकून) नव्याने बांधा, आणि क्रम एक असला की वेगही तेवढाच मिळतो, असं त्यात म्हटलंय. नवी पोरं हे प्रमाण मानून रात्र रात्र टेबलं पाडत बसतात, म्हणून लिहितोय.

‘क्रम चुकला की डेटा बिघडतो.’ बिघडलेला डेटा मी डोळ्यांनी पाहिलाय. एका पतसंस्थेच्या सभासद टेबलात ‘जामीनदार’ हा कॉलम मागाहून आला. मायएसक्यूएलमध्ये ‘आफ्टर’ लिहून तो ‘नाव’च्या लगेच पुढे, म्हणजे ‘वारस’च्या आधी बसवला होता. पोस्टग्रेसमध्ये ती सोय नाही, नवा कॉलम शेवटीच जातो. तिथे तो ‘वारस’नंतर बसला. डेटा भरणाऱ्या स्क्रिप्टमध्ये मात्र नुसतं ‘इन्सर्ट इन्टू सभासद व्हॅल्यूज’ होतं, कॉलमची नावंच नव्हती, म्हणजे माहिती नावाने नाही, जागेच्या क्रमाने भरली गेली. दोन्ही कॉलम मजकुराचेच, त्यामुळे एकही एरर आली नाही. इथे एक मावशी पासबुक घेऊन काउंटरवर आल्या, तेव्हा कळलं. “ओ साहेब, मला पोरंबाळं नाहीत काय? वारस म्हणून शेजारच्याचं नाव कसं काय घातलासा?”

दोष क्रमाचा नव्हता. इन्सर्टमध्ये सगळ्या कॉलमची नावं लिहिली असती, तर टेबलात ते कुठल्याही क्रमाने असूदेत, वारस वारसाच्याच जागी गेला असता. आम्ही जुन्या डेटाबेसमधून सभासद क्रमांकावरून दोन्ही कॉलम परत उचलले आणि या वेळी नावं लिहूनच भरले. टेबलाला हातही लावला नाही. सीएसव्ही (स्वल्पविरामाने तोडलेल्या माहितीची फाइल) ‘कॉपी’ या आज्ञेने भरतानाही कॉलमची यादी द्या, पोस्टग्रेस १५ पासून ‘हेडर मॅच’ लिहिलं की फाइलच्या पहिल्या ओळीतली नावं जुळली नाहीत तर भरणंच थांबतं. दोन याद्या एकाखाली एक जोडणाऱ्या ‘युनियन’मध्ये मात्र नावं बघितली जात नाहीत, जागाच बघितली जाते. म्हणून तिथे ‘सिलेक्ट स्टार’ (नावं न लिहिता सगळे कॉलम मागवणं) कधीच नको.

टेबलांच्या डेटाबेसची कल्पना मांडणाऱ्या एडगर कॉडने १९७० च्या लेखातच म्हटलंय की वापरणाऱ्याने कॉलमच्या क्रमावर अवलंबून राहू नये, नावाने बोलावं.

‘टेबल पाडून नव्याने बांधा.’ हा सल्ला मला सगळ्यात धोक्याचा वाटतो. टेबल नव्याने बांधायचं म्हणजे इंडेक्स (शोध लवकर व्हावा म्हणून केलेली सूची), फॉरेन की (एका टेबलाला दुसऱ्याशी बांधणारा नियम), ट्रिगर (बदल झाला की आपोआप चालणारं काम), परवानग्या, त्यावर उभे असलेले व्ह्यू (टेबलातून हवे ते कॉलम दाखवणारी साठवलेली क्वेरी), सगळं पुन्हा जोडावं लागतं. त्यातली एक फॉरेन की राहिली तरी महिनोन्महिने कळत नाही. एसक्यूएल सर्व्हर, ऑरॅकल आणि एसक्यूएलाइटमध्येही नवा कॉलम शेवटीच जातो, म्हणजे प्रत्येक बदलाला हा खेळ आला. रिपोर्टवाल्यांना ठरावीक क्रम हवा असेल तर एक व्ह्यू करून द्या, काम संपलं.

‘क्रम एक असला की वेग तोच.’ यात एक खरा धागा आहे, पण तो उलट्या दिशेने जातो. पोस्टग्रेस आठ बाइटचा आकडा आठच्या पटीतल्या जागेवरच ठेवतो. बूलियन (एक बाइटचं हो किंवा नाही), बिगइंट (आठ बाइटचा आकडा), बूलियन, बिगइंट असा क्रम असला की रिकाम्या जागा भरून ओळीतला डेटा ३२ बाइट होतो. दोन्ही बिगइंट आधी घेतले तर १८, ओळ आठच्या पटीत न्यायला शेवटी घातलेली भर धरून २४. दहा लाख ओळींत ८० लाख बाइटचा फरक. मायएसक्यूएलच्या इनोडीबीत (डेटा साठवणाऱ्या भागात) अशी भर नसते. तिकडचा क्रम जसाच्या तसा इकडे आणलात, तर पोस्टग्रेसमध्ये जागा वाया जाण्याचीच शक्यता. टेबल पहिल्यांदा बनवताना पोस्टग्रेसला सोयीचा क्रम घ्या, मायएसक्यूएलचा नको.

मेसेज लिहिणाऱ्याच्या मनात बहुधा इंडेक्स असावा. दोन कॉलमांच्या इंडेक्समध्ये कुठला आधी, याने शोधाचा वेग खरंच बदलतो. शाखा आणि तारीख या क्रमाच्या इंडेक्सवर नुसत्या तारखेने शोधलं तर तो बहुतेक वेळा फारसा उपयोगी पडत नाही. तो क्रम दोन्ही डेटाबेसमध्ये जरूर तपासा. तो इंडेक्सच्या व्याख्येत लिहिलेला असतो, टेबलातल्या क्रमावरून ठरत नाही.