'मधल्या' पोपटाबद्दल : एका प्रतिक्रियेला उत्तर

सर, प्रतिक्रिया झोंबली, खोटं कशाला बोलू. तुमचं म्हणणं असं : रंकाळ्याकाठच्या पेरूवर बसलेल्या पोपटाचा फोटो मी लेखात 'करण पोपटाचं पिल्लू' म्हणून टाकला, पण त्याचा आकार कीर (आपला नेहमीचा पोपट, खांद्यावर डाग नसलेला) आणि करण (त्याहून मोठा, खांद्यावर लाल डाग असलेला) यांच्या मधला आहे, खांद्यावरचा लाल डाग फिका आहे, म्हणजे तो संकरितच. शिवाय 'पोपटांत असला संकर रानात होतच नाही' हे माझं वाक्य अडाणीपणाचं.

वाक्याबद्दल तुम्ही बरोबर आहात. जर्मनीत पिंजऱ्यातून सुटलेले कीर आणि करण शहरांत वस्ती करून आहेत, तिथं त्यांचा संकर झालेला आहे. आणि एवढ्या लांब तरी कशाला जा? १८९५ साली इंग्लंडातले पक्षीसंग्राहक वॉल्टर रॉथशिल्ड यांनी मुंबईमार्गे गेलेल्या कातड्यांवरून पोपटाची एक नवी जात जाहीर केली. ती नवी जात नव्हतीच. राखी डोक्याचा हिमालयातला पोपट आणि आपला तुईया (लालसर-जांभळ्या डोक्याचा छोटा पोपट) यांचा तो संकर, हे रासमुसेन आणि कॉलर या पक्षीतज्ज्ञांनी १९९९ मध्ये मांडलं. शंभर वर्षं भले भले चकले, तिथं माझी काय कथा!

पण 'मधला दिसतो म्हणून संकरित' हे मला पटत नाही. कीर शेपटीसकट चाळीस सेंटिमीटरच्या आसपास, करण पन्नाशीच्या पुढं. यातली बरीचशी लांबी शेपटीचीच. पिल्लाची शेपटी आखूड असते, पिसं झडलेल्या मोठ्या पाखराचीही. म्हणजे करणचं पोर आपोआपच 'मधल्या' मापात येतं, आणि त्याचा खांद्यावरचा डागही फिकाच असतो. कंठ (गळ्याभोवतीचा पट्टा) नाही म्हणाल, तर तो माद्यांना नसतोच आणि नराला यायला तीनेक वर्षं लागतात.

खरी मेख चोचीत आहे. आपल्याकडच्या किराची वरची चोच लाल आणि खालची काळपट. करणच्या दोन्ही लाल, आणि चोच कशी, अडकित्त्यासारखी दांडगी. आता माझा फोटो मोठा करून बघा. खालच्या चोचीला पेरूचा गर चिकटलाय! नेमकं बघायचं तेच झाकलंय. आवाजानं निकाल लागला असता, करण घोगरा आणि जाड ओरडतो, पण त्या दिवशी पठ्ठ्या खाण्यात दंग होता.

डागाबद्दल आणखी एक. मी शाळेत असताना मामानं बाजारातून 'पहाडी' (म्हणजे करण) म्हणून पोपट आणला होता. (देशी पोपट पाळणं गुन्हा आहे हे तेव्हा आमच्या घरात कुणाच्या गावी नव्हतं.) पहिल्या पावसात पिंजरा अंगणात राहिला आणि आजीच्या पांढऱ्या फडक्यावर त्याचा खांदा गुलाबी उतरला. साधा कीर होता. असला रंगवलेला पोपट उद्या सुटून रंकाळ्यावर बसला, तर तुम्ही-आम्ही त्याला काय म्हणणार?

काल सकाळी परत त्या पेरूखाली तासभर थांबलो. दोन कीर ढोलीवरून साळुंकीशी भांडत होते, आपले साहेब काही आले नाहीत. लेखातलं 'होतच नाही' खोडलंय आणि फोटोखाली आता 'करण?' एवढंच ठेवलंय. तुमच्याकडं त्याचा दुसऱ्या बाजूनं काढलेला फोटो असेल तर पाठवा, खालची चोच दिसणारा.