विज्ञानकथेचे परीक्षक व्हा!

लिहिणं जमत नाही, वाचायला वेळ नाही, पण साहित्यात वट तर हवी? मग ‘खरी विज्ञानकथा कोणती’ हे लोकांना सांगायला लागा. बारावीला फिजिक्स होतं ना? झालं तर.

‘ही विज्ञानकथा नाही, फॅन्टसी आहे’ हे वाक्य घोटून ठेवा. कथा ऐकण्याआधी म्हटलं तरी चालतं.

यान दिसलं की ‘पाश्चात्त्यांची नक्कल’. गाव दिसलं की ‘यात सायन्स कुठंय?’

लेखिका असेल तर ‘भावनिक आहे’.

मग हिशेब मागा. मागच्या महिन्यात एका वाचनकट्ट्यावर मी माझी कथा वाचली. नवरा गेलेली आजी आणि त्याच्या आवाजात बोलणारं यंत्र. रोज तिन्हीसांजेला ते ‘दिवा लावलास का गं?’ विचारतं. शेवटचं वाक्य संपतंय तोवर पहिल्या रांगेतले काका उभे. “बॅटरी किती ॲम्पिअर-अवरची?” म्हटलं, रोज चार्ज करते ती. “मग ही विज्ञानकथा नव्हे! विज्ञानकथा लिहावी ती ज्यूल व्हर्ननं. गणित पक्कं!” वर टाळ्या. अहो, त्या फ्रेंच व्हर्नने 1865 सालच्या कादंबरीत माणसं चंद्राकडे धाडली ती 900 फुटी तोफेतून! तेवढ्या नळीत सेकंदाला 11 किलोमीटरचा वेग गाठायचा, म्हणजे आतल्या तिघांवर गुरुत्वाकर्षणाच्या 20 हजार पटींहून जास्त जोर. नळीच्या तोंडाशी येईतो तिघांचं थालीपीठ! आणि हेच व्हर्न पुढे एच. जी. वेल्स या इंग्रज विज्ञानकथाकाराबद्दल म्हणत होते, गुरुत्वाकर्षण अडवणारा तो पदार्थ त्यांनी आणून दाखवावा. मेरी शेलीच्या 1818 च्या ‘फ्रँकेनस्टाइन’मध्ये मुडद्यात जीव कसा घातला, ते नायक शेवटपर्यंत सांगत नाही. सांगणार नाही म्हणतो, विषय संपला. वेल्सच्या कालयंत्रात हस्तिदंत आहे, स्फटिक आहे, पण ते चालतं कशावर, देव जाणे. तिथे कुणी ॲम्पिअर विचारत नाही. ॲम्पिअर फक्त आमच्या आजीला!

लेखक शास्त्रज्ञ आहे का, हेही विचाराच, आणि नारळीकरांचं नाव तोंडावर फेका. 1974 साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत त्यांनी कथा पाठवली ती नारायण विनायक जगताप या नावाने, नाव बघून कुणी झुकतं माप देऊ नये म्हणून, आणि तरी पहिलं बक्षीस मिळवलं, एवढं मात्र गाळा.

चुकून एखादी कथा आवडलीच, तर ती विज्ञानकथा नव्हेच, ‘साहित्य’ आहे असं जाहीर करून मोकळे व्हा.

जाऊ दे, नाही जमत मला हे हसत हसत लिहायला. काका, त्या दिवशी माझ्यानंतर अकरावीतली एक मुलगी वाचणार होती. दोनशे पानी वहीत निळ्या पेनाने, खाडाखोड करून लिहून आणलं होतं तिने. तुमची बॅटरी ऐकली आणि तिने वही सॅकमध्ये टाकली. “माझी नको, त्यात घर उडतं,” म्हणाली. कळलं का काय केलंत ते? चूक असेल तर दाखवा, उपकार होतील. पण शिक्का मारायचं काम तुम्हाला दिलं कुणी? इतक्या वर्षांत मराठी विज्ञानकथेचं एक पुस्तक विकत घेतलंत? दिवाळी अंकसुद्धा लायब्ररीतून आणता आणि आधी राशिभविष्य उघडता! पुढच्या वेळी ती पोर आली तर गप्प बसा आणि तिला वाचू द्या.